बारा लूम आणि जन्याची विडी

जन्या,

उद्या तुझं दहावं. सकाळी आठला खाडीवर यायचं, असा सुंदरवयनींचा निरोप आहे. मी साडेसातलाच येऊन बसणार आहे. उशीर झाला तर तू तिथूनही शिट्टी फुंकशील, तुझा काही भरवसा नाही.

पाड्यातली मंडळी म्हणाली, "इस्माईलचाचा, तुम्ही दोन शब्द बोला." मी नको म्हणालो. तुझ्याबद्दल बोलायला उभा राहिलो तर मला हसू येणार, आणि दहाव्याला हसलो तर वयनी मला परातीनं मारतील. तीच परात, पोचे पडलेली. म्हणून लिहितोय. चौथीपर्यंत एका बाकावर बसलो, तेव्हा माझं बघून तू लिहायचास. आता मी लिहितो आणि तू बघ.

त्या परातीपासूनच सुरुवात करतो, कारण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. चार वर्षांपूर्वी जुलैच्या पुरात दुपारी खाडीचं पाणी बांधावर चढलं, तेव्हा तू घरातून तुमच्या लग्नातली वयनींची पितळी परात उचललीस आणि बांधावर उभा राहून दगडानं बडवायला लागलास. ऊर फुटेस्तोवर ओरडलास. पण पाड्याच्या डोक्यावर माझा कारखाना, आणि त्यात कापड विणणारे बारा लूम. खटाक खटाक, खटाक खटाक. त्या खडखडाटात तुझी परात म्हणजे लग्नाच्या वरातीत कुणी चमचा वाजवल्यासारखी. लोकांना कळलं ते पाणी चुलीत शिरल्यावर. गोमाबाय सात कोंबड्या घेऊन माळ्यावर बसली आणि तिची शेळी डोळ्यांदेखत वाहून गेली. आपण दोघांनी होडी नेऊन म्हातारीला उतरवलं, तर तिनं तुलाच झापलं, "परात वाजवलीस म्हनतोस, मंग मना कशी न्हाय आयकली?"

होडी बांधून झाल्यावर तू मला म्हणालास, "इस्माल्या, तुझ्या लूमनी आज म्हातारीला मारली असती."

मला असा राग आला म्हणतोस! लूम काय कालचे होते? माझ्या वडलांच्या वेळेपासून तिथंच आहेत. त्या आवाजात तुझी-माझी दोघांची लग्नं झाली, दोघांची पोरं झोपली. मी म्हणालो, "पूर माझ्या लूमनं आणला काय रे?" तू म्हणालास, "आनला न्हाय, पन सांगू पन दिला न्हाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी जास्त जोरात ओरडलो. माझी सवय तुला माहीतच आहे.

मग तू तहसीलला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेलास. गेलास साधा माणूस, आलास अध्यक्ष. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात लाल शिट्टी, खांद्यावर दोरखंड, आणि हातात प्रमाणपत्र. ते तू त्याच संध्याकाळी प्लास्टिकमध्ये बसवून आणलंस, म्हणजे पुरात भिजायला नको. वादळ समिती काढलीस. समितीत सगळे मिळून तू एकटाच. ते जाकीट घालून मासळी बाजारात जायचास. कोळणी भाव कमी करतील असं तुला वाटायचं. त्या उलट "साहेब आलेत" म्हणून चढाच लावायच्या.

समितीचं काम काय, तर वादळाची खबर आली की एक्केचाळीस उंबऱ्यांनी घरं सोडून गावदेवीच्या देवळात जमायचं. पाड्यात तीच एक उंच जागा. आणि खबर द्यायची कशी? इथंच सगळी गंमत. शिट्टी कुणाला ऐकू गेली नाही. फटाक्यांची माळ लावलीस, तर लोकांना वाटलं कुणाचा साखरपुडा ठरला. चार बाया तुझ्या घरी पेढे मागायला आल्या. मशिदीच्या भोंग्यावरून मी स्वतः पुकारलं. लूमच्या आवाजात लोकांना फक्त 'सगळ्यांनी' आणि 'लवकर' एवढंच ऐकू गेलं. एखादं पोर हरवलं असेल असं समजून अर्धा पाडा खाडीकाठच्या खाजणात पोर शोधत फिरला. संध्याकाळी एक पोर सापडलंसुद्धा, ते दिघाशी गावचं निघालं, मामाकडे आलं होतं.

शेवटी तो शोध तू माझ्याच कारखान्यात लावलास, माझ्याच चहावर. दुपारची वेळ. तू बाकड्यावर बसून मला ऐकवत होतास की माझ्या लूममुळे समितीची इज्जत चालली, आणि तेवढ्यात लाईट गेली. बारा लूम एकदम थांबले. कानात कापूस घातल्यासारखं झालं. आणि पाड्यात बघतो तर फटाफट दारं उघडली. तान्ही पोरं रडायला लागली, झोपलेले म्हातारे उठून बसले. गोमाबाय डोक्यावर पदर घेत बाहेर आली आणि आभाळाकडे बघून विचारायला लागली, "काय झाला? काय झाला?"

तू कप खाली ठेवलास. तुझ्या चेहऱ्यावर नूर असा, जसा काही तुला दृष्टांत झालाय. "इस्माल्या, आपली लोकां आवाजानी जागी व्हत न्हाईत. आवाज गेला का जागी व्हतान."

खरं सांगतो जन्या, त्या वेळी मी हसलो, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. असलं डोकं मी पुऱ्या भिवंडीत दुसरं पाहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तू सरळ हुकूम सोडलास की वादळ आलं की इस्माईलनं लूम बंद करायचा.

तुला काय जातंय बोलायला! चालता लूम एकदम बंद पडला की आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकतो आणि ताण्याचे उभे धागे तुटतात. मग कारागीर एकेक धागा जोडत बसतो, त्याची मान मोडते आणि कापडावर पट्टी उठते ती उठतेच. लाईट गेली तर माणूस नशिबाला शिव्या देऊन गप्प बसतो. पण आपल्या हातानं मेनचा खटका खाली ओढायचा? मी तुला समजावलं, "जन्या, तुझ्या जाळ्याला तूच चाकू लावशील का?" तू म्हणालास, "जाल्यात मानूस अडकला तं लावीन." मी तुला कारखान्यातून हाकलला. तू चहा संपवून गेलास.

चार दिवस बोललो नाही. मग माझ्या बायकोनं, झुलेखानं मध्यस्थी केली. म्हणजे मला म्हणाली, "तुमचं कापड मोठं का गोमाबाय मोठी?" आणि तुला म्हणाली, "जनाभाई, रोज रोज नाही हं." मी कबूल झालो. तालमीला एकदा, आणि खऱ्या वादळाला एकदा.

पण एकट्या थांबण्यानं भागेना. लाईट तर रोजच जायची. लूमची लाईन वेगळी, घरांची वेगळी, दोन्हींचं वेळापत्रक लावलेलं, आणि ते वेळापत्रक लाईटवाल्यांनी आपलं वाचायला म्हणून छापलेलं. पहिल्या आठवड्यात लूम थांबला की लोक गाठोडी घेऊन देवळात. दिवसातून तीनदा. भात चुलीवर, पोरं न्हाणीत, आणि बाया देवळात. दुसऱ्या आठवड्यात कुणी हललंच नाही. तेव्हा तू नवीन नियम काढलास. लूम दोनदा थांबवायचा. बंद, वीस मोजायचे, चालू, वीस मोजायचे, परत बंद. म्हणजे धागे एकदा नाही, दोनदा तोडायचे! वर मला समजूत काय घालतोस? "दुसऱ्यांदा तुटायला धागं उरतान कुठं?"

आणि शुक्रवार? ते तर मीच काढलं, तुला अडकवायला. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. मग शुक्रवारी वादळ आलं तर? बंद असलेला लूम कसा बंद करणार? तू डोकं खाजवलंस आणि म्हणालास, शुक्रवारी उलटं करू, लूम चालू करायचा. मी म्हणालो, नमाज सोडून मी लूम चालू करायला धावू? तू म्हणालास, तुझा मुकादम हाय ना, रामसजीवन. रामसजीवन तिथंच उभा होता. तो म्हणाला, "शुक्रवार को तो हम गणेशपुरी जाते हैं, गरम पानी में नहाने." तू समितीची वही काढलीस आणि त्यात लिहिलंस, 'शुक्रवारी वादळ अपेक्षित नाही.' मी ती वही बघितली आहे, जन्या. खोटं बोलू नकोस.

तालमीचा दिवस मला अजून आठवतो. तुझ्याकडे घड्याळ होतं, पण त्यावर तुझा विश्वास नव्हता. तू देवळाच्या कट्ट्यावर उभा राहून विडी पेटवलीस. विडी संपायच्या आत एक्केचाळीस उंबरे हजर पाहिजेत, हा तुझा कायदा. ती वेळ तुला कुठून सुचली, तर पुरात बांधावरून तुझ्या दारात पाणी यायला एवढाच वेळ लागला होता. हे तू हसत हसत सांगितलंस, मीही हसत ऐकलं.

त्या तालमीला चार विड्या लागल्या, चौथीला तुला खोकल्याची उबळ आली आणि गोमाबाय तरीही आली नाही. बाकीचे आले ते 'वादळाची पिशवी' घेऊन. तू घरोघर सांगितलं होतंस, की रेशनकार्ड, काडेपेटी, चणे-कुरमुरे, औषधं, सगळं प्लास्टिकमध्ये बांधून दाराला टांगून ठेवा. कट्ट्यावर पिशव्या उघडल्या तर एकात लग्नाचा अल्बम, एकात टीव्हीचा रिमोट. टीव्ही घरी. माझ्या झुलेखाच्या पिशवीत वर्षभराचा मिरचीचा मसाला. ती उघडली तशी समिती, देऊळ आणि गावदेवी सगळे एकत्र शिंकले. तू रागानं लाल झालास. "वादलात मसाला खाताव काय?" झुलेखा म्हणाली, "आणि वादळ गेल्यावर काय खायचं?" मी बायकोच्या बाजूनं काही बोललो नाही, पण मला तिचा अभिमान वाटला.

गोमाबायला आणायला तू स्वतः गेलास. ती दारात बसून कोंबड्याला दाणे घालत होती. म्हणाली, "मना म्हाईत हाय खरा वादल न्हाय तो. खरा येल तवा येन." तू तिला वाकून सांगत होतास, विनवत होतास, आणि मी लांबून बघत होतो. त्या दिवशी मला कळलं की तुला पाडा वाचवायचा नाही, तुला ही एक म्हातारी वाचवायची आहे. ज्या दिवशी परात तिला ऐकू गेली नाही, त्या दिवसाचा काटा तुझ्यात रुतून बसला होता. बाकीचे चाळीस उंबरे तिच्यामुळे आपोआप समितीत आले.

दिवाळी होऊन महिना झाला नसेल, तो बुधवार आला. आता इथून पुढचं मी तुला कधीच सांगितलं नाही, तेव्हा नीट ऐक. मधे शिट्टी फुंकू नकोस.

सकाळपासून वारा होता. घरांची लाईट पहाटेच गेलेली, लूमची लाईन कशीबशी चालू. तुला तहसीलचा फोन आला, आणि तुझा मला. दुपारचे दोन वाजले असतील. "इस्माल्या, खरा हाय. बंद कर." मी म्हणालो, "करतो." फोन खिशात टाकला. आणि नाही केला.

का नाही केला? जन्या, तू गेल्यापासून मी त्याचं उत्तर शोधतोय. आठ लूमवर ताके संपत आले होते. अजून पाच-दहा मिनिटं, मग कारागिरांना सांगून रीतसर थांबवू, एक धागा तुटायला नको. वाटलं, वारा तर आहे, वादळ कुठंय? वाटलं, जन्याचं नेहमीचंच आहे. मेनच्या खाली मी उभा होतो. हात वर उचलला की पोचत होता. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

आणि लाईट गेली. बारा लूम थांबले. मी मनात म्हटलं, बरं झालं. थोड्या वेळानं लाईट आली, लूम सुरू झाले. परत गेली. कुठं तरी तार तुटली असणार. बंद, चालू, बंद. तुझा इशारा, जशाचा तसा. मी वीस मोजले नव्हते, लाईटवाल्यांनी मोजले होते का ते अल्ला जाणे.

दारात येऊन बघतो तर अख्खा पाडा पिशव्या घेऊन देवळाकडे पळतोय. कुणी ओरडत नव्हतं, कुणी परत फिरत नव्हतं. आणि गोमाबाय, जी तालमीला आली नाही, ती कोंबडा बगलेत मारून सगळ्यांच्या पुढे. खरं आलं तेव्हा आली, म्हातारीनं शब्द पाळला. ती देवळाच्या पायरीवर पोचली असेल नसेल, वाऱ्याचा असा एक झोत आला की निम्म्या पाड्याचे पत्रे उडाले आणि जांभळाचं झाड मुळासकट तिच्या झोपडीवर आडवं झालं. ती रोज दुपारी जिथं पडायची, बरोबर त्या खाटेवर.

तू भिजून चिंब, जाकीट फाटलेलं, वाऱ्यात विडी काही पेटत नव्हती म्हणून नुसतीच दातात धरलेली. मला मिठी मारलीस. म्हणालास, "मानला तुला, इस्माल्या. मानला." मी तोंड उघडलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू रडत होतास रे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तुला रडताना मी एकदाच पाहिलं, आणि ते माझ्या खोट्यावर.

त्यावर तू काय करावंस? सत्कार! देवळाच्या मंडपात, गावासमोर. शाल, श्रीफळ आणि तुझं भाषण. 'आमच्या इस्माईलभायनी आपल्या हातानी आपलं बारा लूम बंद केलं.' टाळ्या. गोमाबायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. झुलेखा पदरानं डोळे पुसत होती. मी त्या शालीत असा घामाघूम झालो होतो की तू माईकवरून म्हणालास, "बघा, किती साधा मानूस हाय, लाजतो." ती शाल मी आजतागायत अंगावर घेतलेली नाही. ट्रंकेत आहे. झुलेखा विचारते का घेत नाही, मी म्हणतो उकडतं.

त्यानंतर रोज ठरवायचो, आज सांगू. तू चहाला यायचास, मी म्हणायचो, "जन्या, तुला एक सांगायचंय." तू म्हणायचास, "सांग." आणि मी सांगायचो, टेमघरचा पाहुणा आला होता, बिस्किटं महाग झाली, काहीही. तू माझ्याकडे बघून गालात हसायचास. मला वाटायचं, विडीमुळे तुझा गाल तसा झालाय.

आणि मग गेल्या आठवड्यात सोमवारी तू गेलासच. वादळाची एवढी तयारी करणारा माणूस, आणि गेलास कसा, तर आभाळ स्वच्छ, पान हलत नाही, हातात चहाचा कप. वयनींनी पहिली हाक मला मारली. डॉक्टर आला, बघून मान हलवली आणि बॅग उचलली. वयनी भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "चाचा, मंडलीला सांगा."

मी निघालो सांगायला. पाय आपोआप कारखान्याकडे गेले. लूम चालू होते, खटाक खटाक, आणि मला तो आवाज सहन होईना. तुझ्या घरात तू असा पडलेला आणि माझे लूम चाललेत! मी मेनपाशी गेलो. हात वर केला आणि खाली ओढला.

रामसजीवन धावत आला. "सेठ, लाइन गई क्या?"

"नाही. मी बंद केली."

"ताना टूट जाएगा, सेठ!"

"टूटने दो."

पाड्यात एक दार उघडलं नाही. त्यांना वाटलं लाईट गेली. मग मला कळलं मी काय करणार आहे. मोठ्यानं वीस मोजले. मेन वर ढकलला. लूम सुरू झाले. परत वीस मोजले. रामसजीवन माझ्याकडे असा बघत होता जसा मी कामातून गेलो. मग दुसऱ्यांदा खाली ओढला. जे धागे पहिल्यांदा वाचले होते ते दुसऱ्यांदा तुटले. तू म्हणाला होतास तुटायला उरतील कुठं, तर उरले होते, तुला तेवढंच कळत नव्हतं.

मी धावत देवळात गेलो. तुझं जाकीट तिथंच खिळ्याला टांगलेलं. खिशातून तुझी विडी काढली, प्लास्टिकमधली काडेपेटी काढली. मी जन्मात विडी ओढली नाही. पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते फक्त विडीचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलंय.

आले रे जन्या. सगळे आले. पिशव्या, गाठोडी, शेळ्या, कुणाच्या डोक्यावर शिलाई मशीन. झुलेखा मसाला घेऊन आली, ह्या वेळी तोंड बांधून. कुणी हसत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. आभाळ निळंशार, आणि लोक त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते, कारण तू शिकवलं होतंस की आभाळ बघायचं नाही, पळायचं. शेवटी गोमाबाय आली. तिला आता जावयानं नवीन पत्र्याचं घर बांधून दिलंय, थोडं लांब पडतं. कोंबडा खाली ठेवून तिनं दम खाल्ला आणि विचारलं, "वादल कुठं हाय?"

मी तुझ्या घराकडे बोट दाखवलं. तेवढ्यात वयनींचा हंबरडा ऐकू आला. लूम बंद होते, म्हणून अख्ख्या पाड्याला ऐकू गेला.

मग सगळे तसेच तुझ्या दारात. गाठोडी देवळात ठेवली, तुझ्याच नियमाप्रमाणे रांगेत. तुला नेला तेव्हा गोमाबायचा कोंबडा मधे मधे बांग देत होता आणि कुणी त्याला हाकललं नाही. मी खांदा दिला. मागून कुणीतरी म्हणालं, "जनादादाचं वजन बघ किती हाय," आणि मला रडता रडता हसू फुटलं, कारण वजन तुझं नव्हतंच. गडबडीत कुणीतरी दोरखंडाचं ते सगळं भेंडोळं तुझ्या पायाशी ठेवलं होतं.

आता शेवटचं. काल वयनींनी मला तुझी वही दिली. म्हणाल्या, "समितीचं काय ते आता तुम्हीच बघा." मी घरी आणून उघडली. तुझं ते चौथीतलं अक्षर. 'शुक्रवारी वादळ अपेक्षित नाही.' मी हसलो. पानं उलटत त्या बुधवारावर आलो. तिथं तू लिहिलंस:

'बुधवार. उंबरे एक्केचाळीस, सगळे हजर. गोमाबाय पहिली. विडी पेटली नाही. इस्माईलनं लूम बंद केला नाही. खांबावर ठिणगी पाहिली, तार तुटताना मी तिथंच होतो. लाईन गेली. इस्माईलचा सत्कार करणे. म्हणजे पुढच्या वेळेला लाजून तरी करील.'

हरामखोर! मला घामाघूम करून, माईकवरून साधा मानूस म्हणून, रोज माझा चहा पिऊन, माझ्या तोंडाकडे बघत बसायचास! मी वही आपटली. झुलेखा धावत आली तर मी एकटाच हसतोय आणि एकटाच रडतोय. मग ट्रंक उघडून तुझी शाल काढली आणि अंगावर घेतली. उकडत होतं, तरी घेतली.

चार वर्षं मी तुला उत्तर देऊ शकलो नाही, प्रत्येक वेळी तूच वरचढ. आज मात्र उत्तर आहे. तुझ्या त्या ओळींच्या खाली, जागा होती तेवढ्यात, मी लिहिलंय. उद्या खाडीवर वाचून दाखवीन, पण तुला अगोदर सांगतो:

'सोमवार. आभाळ स्वच्छ, वारा नाही. लूम दोनदा थांबवला. उंबरे एक्केचाळीस, सगळे हजर. विडी अर्धी शिल्लक. लाईन चालू होती.'